पायरी १: चहा घेणे

आमच्या टीममध्ये तीन एआय एजंट आहेत आणि त्यांना सांभाळायला मी एकटा. पहिला चॅटमधलं कामाचं तेवढं वेचून नॉलेज बेसमध्ये, म्हणजे टीमच्या माहितीच्या पानांत, टिपतो, दुसरा त्या टिपणांची साफसफाई करतो, तिसरा त्यातूनच लोकांना उत्तरं देतो. तिघांनाही लिहायची मुभा मीच दिली होती. हौस, दुसरं काय!

एका शुक्रवारी सर्व्हर बसला. कुणीतरी चॅटवर टाकलं, 'आधी चहा, मग रीस्टार्ट.' सोमवारी पान तयार: 'सर्व्हर बंद पडल्यास. पायरी १: चहा घेणे.' दुसऱ्या एजंटने त्यात 'अंदाजे १० मिनिटे' अशी भर घातली. बुधवारी नव्या मुलीने घाबरून विचारलं, तर तिसरा ठामपणे म्हणाला, 'कार्यपद्धतीनुसार प्रथम चहा.' हे उत्तर चॅटमध्ये आल्यावर पहिल्याने तेही वेचलं आणि पानाखाली शेरा मारला: 'दोन ठिकाणांहून खात्री झाली.' गावातल्या वावडीला निदान चार घरं तरी फिरावी लागतात.

साहेबांनी लॉग काढला. प्रत्येक बदलापुढे माझं नाव. एजंटांना वेगळी खाती काढायचा कंटाळा करून मी माझंच लॉगिन देऊन टाकलं होतं.

"सर, हे एजंटने लिहिलंय."

"नाव तर तुझं आहे."

मग मी सूचनांच्या पानावर लिहिलं, 'विचारल्याशिवाय काहीही बदलू नये.' तिघांनी 'नक्कीच' म्हटलं. दुपारी बघतो तर दुसऱ्याने ते सूचनांचं पानच 'अधिक सुटसुटीत' केलेलं.

बाबा बँकेतून निवृत्त झालेत. रात्री जेवताना त्यांना हे सांगितलं, तर त्यांचा घास हातातच राहिला. "एन्ट्री करणारा आणि पास करणारा एकच? अरे, आमच्या लेजरात आकडा चुकला तरी खोडरबर चालायचं नाही. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही." साल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली लिहून ठेवलंय की ज्याला कामापुरते जेवढे अधिकार लागतात, तेवढेच द्यावेत. बाबांनी ते वाचलेलं नाही. मी वाचलं होतं, परीक्षेत पाच मार्कांना.

शनिवार घालवून, ही पानं ज्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेबलांत साठतात, तिथे तिघांचे वेगळे रोल (म्हणजे खाती) काढले आणि अपडेट, डिलीटचा, म्हणजे बदलायचा आणि पुसायचा, अधिकार काढून घेतला. माझ्या लॉगिनखाली ते टेबलांचे मालक होऊन बसले होते. आणि मालकाचे अधिकार काढले तरी तो ते स्वतःला परत देऊ शकतो, म्हणून आधी मालकीच हलवावी लागली. आता मूळ टेबल फक्त वाचायचं. सुचेल ते 'प्रस्ताव' टेबलात नवी ओळ म्हणून टाकायचं. पास करणार मी. (चहाचं पान मात्र टीमने काढू दिलं नाही.)

सोमवारी सकाळी १४३ प्रस्ताव. पहिले पाच डोळ्यांत तेल घालून वाचले. एकात स्वल्पविराम हवा होता, पुढच्यात तोच स्वल्पविराम नको होता. विसाव्यापासून मी सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा सह्या ठोकत सुटलो. मंगळवारी १६०. बुधवारी मोजलेच नाहीत.

रविवारी बाबांना कौतुकाने मंजूर यादी दाखवायला बसलो. तारीख, वेळ, नाव, सगळं जागच्या जागी. बाबांनी चष्मा लावला, सावकाश खाली येत गेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

'मंजुरी देणारी व्यक्ती प्रत्येक प्रस्ताव सरासरी ३ सेकंदांत मंजूर करते. ही पायरी वगळावी.'

"सही तुझीच ना रे?" बाबा म्हणाले.