चक्कर येते त्याला लेन्सचं अंतरही कारण असतं
‘व्हीआर हेडसेटने चक्कर येतेच, म्हणून घेऊ नका’ हे व्हीआर हेडसेटवरच्या (म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या यंत्रावरच्या) लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मलाही पहिले चार दिवस मळमळायचं, मग कळलं की लेन्समधलं अंतर माझ्या डोळ्यांना जुळतच नव्हतं. माझ्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये लेन्स हाताने सरकवून ५८, ६३ आणि ६८ मिमी अशा तीन जागी बसवता येतात, मी ६३ वरून ६८ वर नेल्या आणि अक्षरं एकदम स्वच्छ दिसायला लागली. बसल्या जागी रोलर कोस्टर बघितलं तर अजूनही गरगरतं, पण बीट सेबर हा तालावर ठोकळे कापायचा व्हीआर गेम अर्धा तास आरामात खेळतो.

खरा तोटा लेखात आलाच नाही, तो म्हणजे ऊन! लेन्सवर थेट ऊन पडलं की ते एकवटून आतला स्क्रीन जळतो, भाच्याच्या हेडसेटवर असाच पिवळा ठिपका पडलाय, जातच नाही. खिडकीत ठेवू नका प्लीज.