एक जनुक वाचलं म्हणजे कूळ ठरलं?

"पानाचा तुकडा द्या, एक जनुक वाचा, झाडाचं गणगोत उघड. फुलं न्याहाळत बसायचे दिवस गेले. रुईचं कूळ डीएनएनंच तर मोडलं!" हा मजकूर सध्या खूप फिरतोय.

आधी रुईच घेऊ. १८१० साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउननं परागपुंजांवरून (म्हणजे परागकण एकत्र चिकटून झालेल्या गोळ्यांवरून) रुईचं कूळ कण्हेरीच्या कुळातून वेगळं काढलं. पण अनंतमूळ ज्या उपकुळात येतं, त्यातल्या बहुतेक वेलींत पराग चार-चारच्या चौकडीत असतात आणि चमच्यासारख्या भागावर गोळा होतात. सुटे पराग आणि परागपुंज यांच्या मधलीच ही अवस्था. ही भिंत कच्ची आहे, हे फुलं पाहणाऱ्यांना डीएनएच्या कितीतरी आधी खटकलं होतं. जनुकांनी त्याला बळ दिलं: कण्हेर सदाफुलीपेक्षा रुईला जवळची निघाली. मग रुईला वगळून कण्हेरीचं कूळ टिकणार कसं? डीएनएवर आधारलेल्या १९९८च्या एपीजी वर्गीकरणात दोन्ही एकत्र आली.

"एक जनुक" हे तर मुळातच चूक. वनस्पतींत नेहमी वाचलं जाणारं आरबीसीएल हे जनुक सावकाश बदलतं. कुळाच्या पातळीवर चालतं, सख्ख्या जातींत अनेकदा फरकच दाखवत नाही. त्याच्या जोडीला मॅटके हे दुसरं जनुक घेतलं तरी साक्षीदार एकच, कारण दोन्ही हरितलवकात (पेशीतल्या हिरव्या कणांत) आणि हरितलवक बहुधा आईकडून येतं. संकरातला बाप दिसतच नाही. म्हणून आई-बाप दोघांकडून येणाऱ्या केंद्रकातल्या डीएनएचा आयटीएस हा तुकडा वाचायचा. हरितलवकाचा आणि केंद्रकाचा असे दोन्ही वंशवृक्ष जुळले नाहीत तर घाईनं एकत्र जोडू नयेत. संकराचा माग तिथंच लागतो.

"पानाचा तुकडा द्या" म्हणणाऱ्यांनी चिकाच्या झाडाचा डीएनए काढलेला नसावा. कोवळं पान ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वाळवा, सुमारे २० मिलिग्रॅम दळा. पेशी फोडणाऱ्या २ टक्के सीटॅब द्रावणात थोडं पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं घालून ६५ अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा. मग २४:१ क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोलनं डीएनए वेगळा काढा आणि तळाशी बसवा. तळाशी जेलीसारखा गोळा आला तर ती बहुशर्करा. डीएनएची शुद्धता सांगणारं २६०/२३० गुणोत्तर पडतं, हव्या तुकड्याच्या प्रती काढणारा पीसीआर अडतो. अशा वेळी डीएनए दहापट पातळ करून पाहा. आणि पीसीआरला कुठून सुरुवात करायची ते दाखवणारे आयटीएस१-आयटीएस४ प्रायमर बुरशीसाठी घडवलेले आहेत. पानात बुरशी असली तर तिचाच डीएनए-क्रम हाती येतो. वंशवृक्षाआधी ब्लास्ट करायचं, म्हणजे क्रम साठ्यातल्या क्रमांशी ताडून पाहायचा, तो यासाठी.

शेवटचा मुद्दा नावांचा. खर्चुडीची सेरोपेजिया प्रजाती पाहा. ब्रॅकिस्टेल्मा आणि स्टॅपेलिया या वेगळ्या मानलेल्या प्रजातींचा गोतावळा वंशवृक्षात तिच्या आतच उगवतो, हे क्रमांवरून दिसलं. आता सगळं सेरोपेजियात घ्यायचं की सेरोपेजियाचे तुकडे करायचे? २०१७ मध्ये पहिला पर्याय मांडला गेला. सगळ्यांनी तो मानलेला नाही. हा निर्णय यंत्र देत नाही. शिवाय क्रम कुठल्या जातीचा, हे हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या) नमुन्यावरूनच पडताळता येतं. म्हणून फुलासकट फांदी जपा आणि दोन-चार फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. दाबून वाळवली की फुलाच्या आतला मुकुटासारखा किरीट चपटा होतो आणि जात ओळखायची खूणच जाते.