मीठ-व्हिनेगरचं तणनाशक आणि आमचा कडीपत्ता

पंधरा दिवस झाले, जो तो ग्रुपवर एकच फॉरवर्ड टाकतोय: "5 लिटर व्हिनेगर, 1 किलो मीठ, दोन चमचे भांड्याचं लिक्विड, मिसळा आणि फवारा. कुठलंही तण मुळासकट खलास, परत उगवणार नाही, खर्च शून्य, जमिनीला अपाय नाही, 100 टक्के नैसर्गिक." मी गेल्या मे महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या घराच्या अंगणात हेच करून बसलोय, म्हणून बोलतोय.

"मुळासकट खलास" हे तर साफ खोटं. खायच्या व्हिनेगरमध्ये 4-5 टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं, ते जिथं लागेल तेवढं पान करपवतं, मुळाकडं उतरत नाही. कडक उन्हात मारलं की संध्याकाळपर्यंत तण माना टाकतं आणि व्हिडिओ बरोबर तिथंच संपतो. आता दोन पानांवरचं कोवळं तण मरतं, ते खरंय. पण आपल्याला छळतं कोण, तर लव्हाळा आणि हरळी. आठव्या दिवशी फरशीच्या फटीतनं लव्हाळ्याचे सुईसारखे कोंब वर आलेले, खुरप्यानं उकरलं तर खाली काळ्या गाठींची माळच निघाली, एक गाठ नखानं सोलली तर आत पांढरीशुभ्र, काय सुद्धा झालेलं नाही तिला. हरळीच्या काशांचं, म्हणजे जमिनीत पसरणाऱ्या तिच्या खोडांचं, पण तेच.

"खर्च शून्य" कसा काय? 700 मिलीची बाटली 50 रुपये धरा, 15 लिटरचा एक फवारणी पंप भरायला एकवीस-बावीस बाटल्या, म्हणजे हजाराच्या वर गेलं आणि एका पंपात रान किती भिजणार. तेवढ्यात भांगलणीला बायका लावा की.

"नैसर्गिक" म्हणाल तर नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे; परदेशात तणासाठी 20 टक्क्यांचं व्हिनेगर मिळतं, ते डोळ्यात उडालं तर डोळा जायची पाळी. साबणानं फक्त पाणी पानावर पसरतं, त्याचं एवढं काय नाही. आणि हो, घरी शहाबादी फरशी असेल तर व्हिनेगर सांडू नका, ती चुनखडीची, बारीक फेस येतो आणि पॉलिश जाऊन पांढरे डाग राहतात ते राहतातच, माझ्या पायरीवर आहेत.

पण माझा खरा राग "जमिनीला अपाय नाही" यावर आहे. नुसतं व्हिनेगर असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं, ते काही दिवसांत मातीत विरून जातं. मीठ कुठं जाणार? 1 किलो मिठात जवळजवळ 390 ग्रॅम सोडियम, ते कुजत नाही, उडून जात नाही, पाण्याबरोबर इकडचं तिकडं होतं एवढंच. मी मारलं फटीत, वळवाचा पाऊस झाला आणि पंधरा दिवसांत चार फुटांवरच्या कडीपत्त्याची पानं कडेनं करपली. "परत उगवणार नाही" म्हणतात ते मीठ भरपूर टाकलं तर खरं होईल, पण मग तिथं दुसरं पण काय उगवणार नाही.

आणि हे सांगलीत सांगावं लागतंय! वाळवा, मिरज, पलूस, कृष्णा-वारणेच्या काठाला उसाला पाणी पाजून पाजून किती रानं क्षारपड झाली, म्हणजे क्षार साठून नापीक झाली, उन्हाळ्यात वर पांढरा थर दिसतो, लोक जिप्सम टाकतायत, जमिनीखाली निचऱ्याचे पाईप घालतायत, आणि आपण हातानं मीठ फवारायचं?

ग्लायफोसेटची, म्हणजे दुकानातल्या रासायनिक तणनाशकाची, वकिली करत नाही मी. फरशीच्या फटीत उकळतं पाणी ओता, परत फुटलं की परत ओता. रानात उन्हाळी नांगरट करून काशा वेचा, गाठी उन्हात तापू द्या, खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात, पाचट (उसाचा वाळला पाला) पेटवायच्या ऐवजी सरीत पसरा.

फॉरवर्डच्या शेवटी "द्राक्षबागायतदारांपर्यंत नक्की पोचवा" असं पण लिहिलंय. अहो, तासगावात द्राक्षाचं कलम डॉगरिज नावाच्या जंगली द्राक्षाच्या खुंटावर करतात ते कशासाठी, तर एक म्हणजे पाणी कमी म्हणून आणि दुसरं जमिनीतल्या आणि पाण्यातल्या क्षारांसाठीच की!