पंधराव्या महिन्याची गोष्ट

दर्यापूर तालुक्यात कॉम्प्युटरवाला म्हणजे गुरांचा डॉक्टर. जनावर कोणतंही असो, बोलावणं त्यालाच. तशीच एका पतसंस्थेची फॉक्सप्रो नावाच्या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधली खाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"काही नाही भाऊ, फक्त तारखा उलट्या करायच्या हायेत," मॅनेजर म्हणाले.

नव्याला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हवा. जुन्यात दिवस, महिना, वर्ष. तेही सहा आकडी संख्या म्हणून कोंबलेलं. संख्येच्या पुढचं शून्य कोण सांभाळतो? १ ऑगस्ट ९८ चे उरले १०८९८. डावीकडून दोन-दोन आकडे तोडले की १० तारीख, ८९ वा महिना. हे ज्यानं लिहिलं तो प्रोग्रामर केव्हाच गाव सोडून गेला. शहाणा माणूस.

पुण्याच्या मावसभावाला फोन लावला. तो आरपीजी भाषेतले जुनाट प्रोग्राम सांभाळतो. म्हणाला, "१००००.०१ ने गुण, अपूर्णांक सोड, शेवटचे सहा आकडे घे. वर्ष आपोआप पुढे येतं." मंत्रच की! मी १५ ऑगस्ट ९८ घेतली, १५०८९८ ला गुणलं. आले ९८१५०८. साल ९८, महिना पंधरावा, तारीख ८.

धोंड्याचा महिना धरला तरी आपलं पंचांग तेराच्या पुढे जात नाही! मग उमगलं, मंत्र अमेरिकन तारखेचा. तिकडे महिना आधी, म्हणून नुसतं वर्ष उचलून पुढे ठेवलं की भागतं. आपल्या तारखेचे तिन्ही सांधे उसवून पुन्हा शिवावे लागतात.

शिवले. शून्यं भरली, मध्ये तिरप्या रेघा मारल्या. पण फॉक्सप्रोही मुळात अमेरिकन वळणाचा. 'सेट डेट ब्रिटिश' असं बजावावं लागतं, ते मी विसरलो. १५ तारखेच्या जागी कोरी जागा आली, ती दिसली तरी. १ जुलै मात्र हूं की चूं न करता ७ जानेवारी झाली. आणि आमच्याकडे मास्तरांच्या कृपेनं अर्धं गाव १ जुलैला जन्मलेलं. एका रात्रीत सगळ्यांची पत्रिका बदलली.

मग शतक. दोन आकडी साल दिसलं की हा पठ्ठ्या त्याच्या आधी १९ चिकटवतो. एका आजीची २००५ ची मुदत ठेव १९०५ ची झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदाच मुळी १९०४ चा. म्हणजे म्हातारीनं वर्षभरात खातं उघडलं म्हणायचं. व्याजाचा आकडा पाहून मॅनेजर खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, परत बसले.

महिनाभरानं सगळं जुळलं. एकाच सभासदाची जन्मतारीख कोरी राहिली. त्यांना बोलावलं.

"बाबाजी, जन्म कधीचा?"

"पोळ्याच्या करीचा."

"साल?"

"गांधीबाबा गेले ना, त्याच साली."

जुनं पंचांग कुठून आणू? नव्या सॉफ्टवेअरला कर कळत नाही, पोळाही नाही. बाबाजी माझ्याकडे बघत, मी स्क्रीनकडे.

"मास्तरनं काय लिवलं असंल, तेच लिव ना बा," ते म्हणाले.

मी टाइप केलं : १९४८०७०१.