सोसायटीचा विमा भिंतींचा, सामानाचा नाही

गणपतीला गावी गेलो होतो. पाच दिवसांनी पुण्याला येऊन दार उघडलं तर हॉलमध्ये पाणी. वरचा फ्लॅट बंद होता आणि तिथला पाइप फुटला होता. वॉर्डरोबचं प्लायवूड इतकं फुगलं होतं की दार ओढून उघडावं लागलं. आत आईची पैठणी. काठाचा लाल रंग पदरभर पसरला होता आणि घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. गाद्या, लॅपटॉप, मुलीची पुस्तकं सगळं गेलं.

अध्यक्षांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "अहो, आपला विमा आहे की!" मलाही तसंच वाटत होतं. मग फाइल मागवून पॉलिसी पहिल्यांदाच शब्दन् शब्द वाचली. इमारत, लिफ्ट, पंप, कॉमन जागा. फ्लॅटच्या आतल्या सामानाचा एका ओळीनेही उल्लेख नाही.

यात समितीची चूक नाही. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा सांगितला आहे, सभासदांच्या फ्रीज-टीव्हीचा नाही. आमची इमारत बोलण्यात सोसायटी असली तरी कागदोपत्री महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची, म्हणजे फ्लॅटमालकांच्या संघटनेची आहे. अशा इमारतींतही लोक हाच गैरसमज धरून बसलेत. कर्ज घेताना बँकेने काढून दिलेला विमाही नीट बघा. अनेकदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नाही.

१ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली आहे. आग, पूर, भूकंप यांच्याबरोबर टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही त्यात येतं, म्हणजे आमचं नेमकं हेच. विमा फ्लॅटच्या बाजारभावावर काढायचा नसतो, कारण जमीन कुठे वाहून जात नाही! कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. समजा ७०० चौरस फूट आणि दर ३,००० रुपये, तर २१ लाख. घर आणि सामान दोन्हींचा विमा घेतला तर सामानाला घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, म्हणजे ४ लाख २० हजारांचं संरक्षण आपोआप मिळतं, कमाल मर्यादा १० लाख. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल तर यादी द्यायची. दागिने मात्र यात धरलेले नसतात, त्यांचं वेगळं कव्हर मागून घ्यावं लागतं. नुसत्या घरफोडीचंही तसंच. मूळ पॉलिसीत चोरी येते ती पूर-आगीसारख्या घटनेमुळे आणि त्यानंतरच्या ७ दिवसांत झालेली.

भाड्याने राहणाऱ्यांनाही फक्त सामानाचा विमा काढता येतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

आता मी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून ठेवलाय, कपाटं उघडून. बिलं ईमेलवर टाकली आहेत. येत्या सभेत पॉलिसीची प्रत ग्रुपवर टाकायचा विषय मांडणार आहे. वरच्या फ्लॅटमधल्या काकांनीही परवा माझ्याकडून प्रपोजल फॉर्म नेला.