"आपल्याला कुठे झळ बसली होती?" असं विचारणाऱ्यांसाठी, पहिल्या महायुद्धाबद्दल

हल्ली कुठल्याही ग्रुपवर युद्धाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. "एकदाचं होऊनच जाऊ दे." लिहिणारे परके नसतात. शिकलेले, नोकरदार, मुलाबाळांचे लोक असतात. आणि मी महायुद्धाचं उदाहरण दिलं की दुसरं वाक्य येतं, "ते युरोपातलं झालं हो, आपल्याला कुठे झळ बसली होती?" या दुसऱ्या वाक्याने मला जास्त त्रास होतो. मी शाळेत इतिहास शिकवते. त्यामुळे हे वाक्य कुठून येतं ते मला ठाऊक आहे. आम्हीच शिकवतो तसं.

"पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा." साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, लष्करवाद, गुप्त करार, आणि तात्कालिक कारण म्हणून साराजेव्होचा खून. पाच मुद्दे, पाच गुण. यातला एकही मुद्दा चुकीचा नाही. पण उत्तर वाचताना असं वाटतं की ढग जमले आणि पाऊस पडला. कुणी काही ठरवलंच नाही जणू. प्रत्यक्षात २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ या सदतीस दिवसांत प्रत्येक टप्प्यावर माणसांनी निर्णय घेतले, आणि ती माणसं नावानिशी माहीत आहेत.

ऑस्ट्रियाचा सरसेनापती कॉनराड फॉन हॉट्झेनडॉर्फ सर्बियावर चाल करायची परवानगी कित्येक वर्षं मागत होता. त्याला आवर घालणाऱ्यांत खुद्द युवराज फ्रान्झ फर्डिनांड होता. २८ जूनला साराजेव्होत एकोणीस वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने त्यालाच मारलं, आणि कॉनराडच्या वाटेतला अडसर दूर झाला. ५ जुलैला पॉट्सडॅमच्या राजवाड्यात जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने ऑस्ट्रियाच्या राजदूताला जेवायला बोलावून "तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत" अशा अर्थाचा शब्द दिला. दुसऱ्या दिवशी तो बोटीने नॉर्वेच्या सहलीला निघून गेला. ऑस्ट्रियाने सर्बियाला अटी घालून ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली ती २३ जुलैला. सर्बियाचा पाठीराखा रशिया हा फ्रान्सचा मित्र, आणि फ्रान्सचे अध्यक्ष तेव्हा रशियाच्या भेटीवर होते. ते बोटीत बसून परत निघेपर्यंत मुद्दाम थांबून दिली, म्हणजे दोघांना समोरासमोर बसून सल्लामसलत करता येऊ नये.

२८ जुलैला कैसरने सर्बियाचं उत्तर वाचलं आणि कागदावर लिहिलं की आता युद्धाला काही कारणच उरलेलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं. पुढचे दोन-तीन दिवस कैसर आणि रशियाचा झार निकोलस एकमेकांना तारा करत होते. दोघं नात्यातले, तारांखाली लाडाच्या नावाने सह्या. त्यातली एक तार वाचून झारने सगळं सैन्य युद्धासाठी सज्ज करण्याचा हुकूम मागेही घेतला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने त्याला पुन्हा तयार केलं. तेव्हा सेनाप्रमुख यानुश्केविच म्हणाला होता, एकदा हुकूम मिळाला की मी माझा टेलिफोनच फोडून टाकणार. झारने पुन्हा मन बदललं तर ते ऐकू येऊ नये म्हणून!

आणि १ ऑगस्ट. इंग्लंड-फ्रान्स बाहेर राहतील अशी आशा कैसरला अचानक वाटली. त्याने सेनाप्रमुख मोल्टकेला सांगितलं, सगळं सैन्य फ्रान्सऐवजी पूर्वेला, रशियाकडे वळवा. मोल्टके म्हणाला, शक्य नाही. लाखो माणसं, घोडे, तोफा, कुठली गाडी कोणत्या पुलावरून कधी जाणार, सगळं ठरलेलं आहे. ते आता हलवता येणार नाही.

वर्गात मी इथे थांबते, कारण माझ्या मते या युद्धातलं सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे. या माणसांनी आगगाड्या मिनिटांच्या हिशेबात बसवल्या होत्या. गव्हाचा हिशेब कुणीच केला नव्हता. पानगळीच्या आत घरी परताल, असं कैसरने सैनिकांना सांगितलं. युद्ध पानगळीपर्यंतचंच असेल तर घरच्या चुलीचा विचार कशाला करायचा? महायुद्ध समजून घ्यायचं असेल तर कुणी काय मोजलं आणि काय मोजलंच नाही, एवढं शोधत जा.

ब्रिटिश आरमाराने जर्मनीचा समुद्र बंद केला. जर्मनी बरंचसं धान्य, चारा आणि खत बाहेरून आणत होता. शेतातले पुरुष खंदकात गेले, घोडे तोफा ओढायला गेले. १९१५ च्या वसंतात तज्ज्ञांनी हिशेब मांडला की डुकरं बटाटे आणि धान्य खातात, म्हणजे माणसांच्या तोंडचा घास खातात, तेव्हा ती मारा. लाखो डुकरं कापली गेली. काही दिवस बाजारात मांस झालं. मग चरबी मिळेनाशी झाली, शेतांना शेणखत कमी पडलं. त्यात नत्राची भानगड. चिलीहून येणारा सोरा बंद झाल्यावर हाबर-बॉश पद्धतीने हवेतून अमोनिया बनवून जर्मनीने दारूगोळा चालू ठेवला. तेच नत्र जमिनीलाही हवं होतं, पण पहिला हक्क तोफेचा. १९१६ च्या पावसाळी हवेत बटाट्यावर रोग पडला आणि त्या हिवाळ्यात शहरातली माणसं गुरांना घालायचा सलगमच्या जातीचा कंद खाऊन राहिली. त्याचाच पाव, त्याचीच भाजी, त्याचाच मुरंबा, तोच वाळवून दळून कॉफी. नाकेबंदीपायी उपासमारीने आणि त्यातून आलेल्या आजारांनी जर्मनीत मेलेल्या नागरिकांचे अंदाज चार लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत आहेत. आणि लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली तरी नाकेबंदी पूर्णपणे उठली जुलै १९१९ मध्ये. शस्त्रसंधीनंतरचे ते महिने विजेत्यांच्या खात्यावर लिहिले पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रशियात तर सिंहासनच गेलं. ८ मार्च १९१७ रोजी पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका पाव मागत रस्त्यावर आल्या. झार राजधानीपासून शेकडो मैल दूर मोगिलेव्हच्या लष्करी तळावर होता. आठवड्याभरात त्याने राज्य सोडलं. इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींची कातडी टीएनटी या स्फोटकाने पिवळी पडायची, लोक त्यांना पिवळ्या पाखरांच्या नावाने हाक मारायचे.

आता आपल्याकडे येऊ, कारण झळ बसली नाही असं म्हणणाऱ्यांसाठीच हे लिहितेय.

हिंदुस्थान युद्धात आहे हे व्हाइसरॉय हार्डिंग यांनी जाहीर केलं. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार मेली. शिवाय हिंदुस्थानच्या तिजोरीतून ब्रिटनला दहा कोटी पौंडांची "भेट" दिली गेली.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बसरा घेतलं, नदीने वर सरकले, आणि यश मिळतंय म्हटल्यावर १९१५ च्या शरदात लंडन आणि सिमल्याने बगदादवर जायला मंजुरी दिली. बोटी किती, दवाखाने किती, हे तेव्हाही कुणी नीट मोजलं नाही. बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून नदीवर आणलं आणि बोटींत कोंबलं. त्यातली एक बोट बसऱ्याला लागताना मेजर कार्टर हा डॉक्टर तिथे हजर होता. बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे. हगवण लागलेली, हाडं मोडलेली माणसं बाजूला सरकूही शकत नव्हती, इतकी दाटी. कार्टरने जे पाहिलं ते लिहून दिलं, तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. हे पुढे ब्रिटिश सरकारच्याच चौकशी आयोगाने छापलं.

उरलेलं सैन्य कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकलं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. आपल्यातल्या अनेकांनी ते खायला बराच काळ नकार दिला आणि ते झिजत गेले. शरणागतीनंतर हजारो शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले, त्यातले कितीतरी वाटेत पडले. त्यांचा जनरल टाऊनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिला.

हे सगळं निदान पुस्तकांत सापडतं. घरी काय झालं ते शोधावं लागतं. कापड, रॉकेल, मीठ, धान्य, सगळं महागलं. गहू सरकारी खरेदीने विलायतेला जात होता. रेल्वेचे डबे आणि रूळसुद्धा मेसोपोटेमियाला पाठवले, त्यामुळे एका जिल्ह्यातलं धान्य दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला वाघिणी मिळेनात. चांदी इतकी कमी पडली की सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढली, लगेच पाठोपाठ अडीच रुपयांची. लोकांनी चांदीचे रुपये गाडग्यात घालून पुरले. मुंबईच्या गिरण्यांचा नफा फुगला, कामगाराच्या पगाराला महागाई गाठता येईना, आणि जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले.

जून १९१८ मध्ये मुंबईत दोन गोष्टी झाल्या. गव्हर्नर विलिंग्डन यांनी भरतीसाठी युद्ध परिषद भरवली. टिळक बोलायला उठले. सहकार्य करू, पण त्याचा स्वराज्याशी संबंध आहे, हे सांगू लागताच त्यांना अडवलं गेलं आणि ते सभेतून बाहेर पडले. आमचे लोक अधिकारी होणार नसतील तर भरती कशासाठी, ही त्यांची भूमिका मला पटते. त्याच उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव हिंडत होते. गांधीजींबद्दल मला मनापासून आदर आहे, पण हे मला कधीच पटलेलं नाही. खेड्यातल्या शेतकऱ्यांनाही पटलं नाही, फारसं कुणी पुढे आलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच जूनमध्ये गोदीच्या परिसरातले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. इन्फ्लुएंझा, आपल्याकडची मानमोडी. सप्टेंबरात दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. पाऊस पडला नव्हता, धान्य नव्हतं, डॉक्टर मोठ्या संख्येने आघाडीवर पाठवलेले. मुंबईत या साथीत दर हजारी मृत्यू युरोपियनांमध्ये ८ च्या आसपास, आणि "खालच्या" म्हटल्या गेलेल्या जातींमध्ये ६० हून जास्त. पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या, कारण आधीच अर्धपोटी, आणि आजाऱ्यांची उस्तवार त्यांच्याकडेच. देशभरात किमान सव्वा कोटी माणसं मेली. रणांगणावरच्या ७४ हजारांशेजारी हा आकडा ठेवा आणि मग सांगा, झळ कुठे बसली नाही. साथ युद्धाने जन्माला घातली असं मी म्हणत नाही. पण सैन्याच्या बोटींनी ती पसरली आणि युद्धाने रिकाम्या केलेल्या घरांवर ती कोसळली. विसाव्या शतकात फक्त १९११ ते १९२१ या एकाच दशकात आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या घटली.

आणि जे लढले त्यांचं काय? महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. माणसं कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज होती तोवर लढवय्ये, गरज संपल्यावर घरी. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार फक्त संख्या लिहिली. अमुक पलटण, इतके. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावात जे दगड लावले तेही आकडेच सांगतात, या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत.

म्हणून एक विनंती करते. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या भागात कित्येक घरांत पणजोबांचं एखादं पदक ट्रंकेत पडलेलं असतं. चांदीचं असलं तर ते मोडीत जातं. मोडू नका. त्या पदकाची कड उजेडात धरून बघा. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरं इंग्रजी असतात, नाव चुकीचं लिहिलेलं असू शकतं, पण वाचता येतं. त्याचा फोटो काढा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा, आणि तो माणूस परत आला का, त्याच्या मागे घर कुणी चालवलं, मानमोडीत घरातलं कोण गेलं, हे विचारून लिहून ठेवा. मला पाठवलंत तर मी पुढच्या वर्षी कारणांच्या धड्याला जोडून ते वर्गात वाचून दाखवीन.