संस्थेचं नाव कसं वाचवावं: विश्वस्तांसाठी मोफत मार्गदर्शन

नमस्कार अध्यक्षसाहेब, सचिवसाहेब, आणि कुठलंही पद नसताना प्रत्येक मीटिंगला हजर असणारे काका.

समजा उद्या तुमच्या शाळेतली (वसतिगृह, क्रिकेट अकॅडमी, डान्स क्लास, जे काय असेल ते) एखादी चिमुरडी बाईंना काहीतरी सांगते आणि बाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन केबिनमध्ये येतात, तर पहिलं काम म्हणजे दार लावून घ्या. मग चहा मागवा. पोलिसांना कळवावं असं मनात आलं तर गार पाणी प्या, जातो तो विचार.

आता मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आहे, पॉक्सो, त्याचं कलम 19 म्हणतं की ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचं, असं काही घडेल अशी नुसती भीती वाटली तरी कळवायचं. आधी खात्री करून घ्या असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही, विसरले असतील बिचारे, तर ती उणीव तुम्ही भरून काढा आणि अंतर्गत चौकशी समिती नेमा. समितीत एक विश्वस्त, एक माजी मुख्याध्यापक आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला नोकरीला लावणारे साहेब, म्हणजे माणूस ओळखीचा आहे, वीस वर्षं ओळखतो, देवमाणूस आहे हो, हे मिनिट्समध्ये आपोआप येतं. मुलीला समितीसमोर बोलवा, परत परत विचारा, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की "पोरगी गोंधळलीय" असा शेरा मारा. पालकांना "उद्या तुमच्याच मुलीचं नाव खराब होईल" हे काळजीच्या सुरात सांगा. सूर महत्त्वाचा. नाव जाहीर करायला कायद्यानंच बंदी आहे, कलम 23, पण ते कशाला सांगत बसायचं.

कागद मात्र चोख ठेवा. पॉक्सोच्या 2020 च्या नियमांप्रमाणे मुलांशी रोज संबंध येणाऱ्या संस्थेनं स्टाफची पोलीस पडताळणी करायची, ट्रेनिंग द्यायचं, बालसंरक्षण धोरण राबवायचं. धोरण नेटवरून उतरवा, पहिल्या पानावर आपल्या शाळेचं नाव टाका, सातव्या पानावर दुसऱ्याच शाळेचं राहिलं तरी चालतं, तिथपर्यंत कोण वाचतंय. ट्रेनिंग म्हणजे सह्यांचा कागद आणि दोन समोसे. पडताळणी शिक्षकांची करा, सफाईवाला आणि व्हॅनचा ड्रायव्हर कॉन्ट्रॅक्टरचे, म्हणजे आपले नाहीतच.

तक्रारपेटी हवीच, 2017 पासूनचा जीआर आहे. मुख्याध्यापकांच्या दाराला लागून, कॅमेऱ्यासमोर, पाचवीच्या मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर लावा. किल्ली मुख्याध्यापकांच्याच ड्रॉवरमध्ये, खडूच्या डब्याखाली. वर्षाअखेरीस उघडायची आणि आत फक्त वेफर्सचं रिकामं पाकीट निघालं की अहवालात लिहायचं, "तक्रार निरंक". मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती 2022 च्या जीआरनं आली, तिचा फलक चांगल्या फ्लेक्सवर छापा, सदस्यांना आपण सदस्य आहोत हे सांगितलंच पाहिजे असं काही नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारावरून बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले, दुसऱ्याच दिवशी सरकारनं सीसीटीव्हीपासून सगळं परत बजावलं, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली आणि कळवलं नाही म्हणून संस्थेच्या लोकांवरही गुन्हा लागला. तुम्ही घाबरू नका, तुमचं गाव वेगळं, तुमची माणसं वेगळी. कॅमेरे मात्र लावा. चालू ठेवायचा विषय वेगळ्या बजेटचा आहे.

शिक्षेचं विचाराल तर न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि वर दंड. म्हणजे पद मोठं तशी शिक्षा मोठी. म्हणून अशा आठवड्यात अध्यक्षांनी गावाला जावं आणि फोन रेंजबाहेर ठेवावा. राजुऱ्याच्या शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर कळवलं नाही म्हणून गुन्हा होता, नागपूर खंडपीठानं तो रद्द केला आणि 2022 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं तो निकालच फिरवला, कळून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे म्हणे. हा निकाल आपल्या वकिलांना पाठवू नका, ते उगाच वाचतील.

राहता राहिल्या त्या बाई. समजा त्यांनी तुम्हाला न विचारताच 1098, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, फिरवला किंवा थेट चौकी गाठली. सद्हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई करता येत नाही, कायदा तिथेही आडवा येतो. तेव्हा दोन महिने थांबा, संक्रांतीला तिळगूळ द्या, गोड बोला, आणि मग मेमो काढा. कारणाच्या रकान्यात पॉक्सोचा प सुद्धा येता कामा नये, लिहा: "टाचण वही अपूर्ण."